रिओचा इम्पीरियल पाम: बिया जाळल्या तरी झाड देशभर कसं गेलं

एखाद्या भागात एखादा पाम एवढा का दिसतो असं विचारलं की बहुतेक जण हवामानावर बोट ठेवतात, म्हणजे इथली हवा त्याला मानवते म्हणून तो इथे आहे. हे अर्धंच खरं आहे. हवा तर वीस-पंचवीस जातींना मानवत असते, मग त्यातली एकच जात प्रत्येक गेटवर का आणि बाकीच्या नर्सरीत सुद्धा का मिळत नाहीत? माझं मत असं की पाम लोकप्रिय होतो तो आधी कुणाच्या दारात लागला यावरून, आणि मग त्याचं बी किती लवकर आणि किती स्वस्तात सगळ्यांच्या हातात पडलं यावरून. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या इम्पीरियल पाममध्ये, म्हणून तेच एक प्रकरण इथे नीट मांडतोय.

आधी झाड कोणतं ते सांगतो. रॉयस्टोनिया ओलेरासिया. आपल्याकडे कॉलेजच्या आणि मंगल कार्यालयाच्या गेटवर जो पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा पाम असतो, ज्याला आपण सगळे बॉटल पाम म्हणतो, तो रॉयस्टोनिया रेजिया, म्हणजे याचा सख्खा भाऊ. रेजिया क्युबा, फ्लोरिडा त्या बाजूचा, त्याचं खोड मध्ये फुगतं आणि पानं खाली झुकतात. ओलेरासिया जास्त उंच जातो, चाळीस मीटरपर्यंत, खोड बरंचसं सरळ आणि सगळ्यात खालची पानं आडवी पसरलेली, त्यामुळे लांबून बघितलं तर खांबावर छत्री उघडून ठेवल्यासारखं दिसतं. मूळचा तो कॅरिबियन बेटांचा, बार्बाडोस, मार्टिनिक, त्रिनिदाद, शिवाय व्हेनेझुएला आणि कोलंबियाचा उत्तर भाग. म्हणजे ब्राझीलच्या शेजारचाच, पण तो ब्राझीलला शेजारून आला नाही, आला तो अर्ध्या जगाला वळसा घालून मॉरिशसवरून.

झालं असं. १८०७ च्या शेवटी नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून आलं आणि पोर्तुगालचा राजपुत्र दों जुआँव (त्याची आई राणी मरिया मानसिक आजारी होती म्हणून कारभार हाच बघायचा) सगळा दरबार जहाजांत भरून ब्राझीलला निघाला, मार्च १८०८ मध्ये रिओला पोचला. एका वसाहतीत अख्खं राजघराणं राहायला आलं, हे तोपर्यंत कुठेच झालं नव्हतं. आल्यावर त्यानं ज्या गोष्टी सुरू केल्या त्यात बंदुकीच्या दारूचा कारखाना होता आणि त्याला लागूनच १३ जून १८०८ ला सुरू केलेली एक बाग, बाहेरची झाडं इथल्या हवेत रुळवण्यासाठी. ही बाग शोभेची नव्हती. जायफळ, लवंग, दालचिनी असली माल देणारी झाडं ब्राझीलमध्ये वाढवायची आणि मसाल्याच्या व्यापारात हात घालायचा हा सरळ हिशोब होता, पुढे काही वर्षांनी तिथे चीनमधून माणसं आणून चहा सुद्धा लावला.

मसाल्याची रोपं तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातल्या मॉरिशसला पाम्पलमूसच्या बागेत होती आणि ती राखून ठेवलेली असायची. (मॉरिशस म्हणजे जिथे पुढे आपली कोकणातली माणसं उसाच्या मळ्यात गेली आणि आजही मराठी कुटुंबं आहेत, तेच बेट.) लुईस दे आब्रेऊ नावाचा एक पोर्तुगीज तिथे फ्रेंचांच्या कैदेत होता, तो सुटून आला तो पाम्पलमूसमधली रोपं आणि बिया घेऊनच, आणि रिओला पोचल्यावर त्यानं त्या दों जुआँवला भेट दिल्या. त्या पुडक्यात जायफळाबरोबर हा पाम पण होता. १८०९ मध्ये राजपुत्रानं तो स्वतःच्या हातानं लावला असं सांगतात. तेच झाड पुढे पाल्मा मातेर, म्हणजे आई-पाम, म्हणून ओळखलं गेलं.

आता या बागेतल्या बाकीच्या झाडांकडे बघा. जायफळ, लवंग, चहा सगळं उपयोगाचं. पामचा उपयोग काय? बार्बाडोसकडे त्याचा वरचा कोवळा कोंब कापून भाजी करतात, पण एकदा कोंब काढला की झाड मेलं, पामला वाढीचा एकच डोळा असतो. तेल नाही, मेण नाही, ताडी नाही, फळ माणसानं खाण्यासारखं नाही. ज्या झाडांकडून पैशाची आशा होती त्यातलं कुठलंच झाड रिओची ओळख झालं नाही आणि ज्याचा बाजारात काही उपयोग नव्हता तो पाम झाला. म्हणून मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं, कारण इथे उपयोग हे कारण बाजूलाच पडतं आणि बाकीची कारणं मोकळी दिसतात.

पहिलं कारण, तो राजाच्या हातचा. पण नुसतं तेवढ्यानं झाड पसरत नाही. लावल्यापासून वीस वर्षं तो एकटाच उभा होता. १८२९ मध्ये त्याला पहिल्यांदा फुलोरा आला आणि फळं धरली. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता (१८२२), राजपुत्राचा मुलगा सम्राट झाला होता, आणि बागेचा कारभार सेर्पा ब्रांदाओ या संचालकाकडे होता. त्याला वाटलं की हे झाड फक्त आपल्या बागेतच राहिलं पाहिजे, म्हणून पिकलेली फळं गोळा करून सगळ्या बिया जाळून टाकायचा हुकूम त्यानं दिला. आणि मग बागेत राबणारे गुलाम रात्री त्या झाडावर चढायचे, फळं उतरवायचे आणि एकेक बी एका तोस्तांवला, म्हणजे तेव्हाच्या चलनातल्या शंभर रेइसला, गुपचूप विकायचे. ही गोष्ट रिओत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

या गोष्टीवर मला जरा थांबायचंय. आपल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही पाडेल्याला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला, विचारा की रॉयल पामच्या जातीवर चढणं म्हणजे काय. नारळाच्या खोडावर पानांच्या जागेचे वळ असतात, खाचा पाडता येतात, पाय टेकतो. याचं खोड सिमेंटचा गिलावा केल्यासारखं गुळगुळीत, आणि फळांचा घोस पानांच्या देठांनी झालेल्या हिरव्या मानेच्या बरोबर खाली, सगळ्यात वर. ते अंधारात, पकडलं गेलं तर फटके नक्की असताना. इम्पीरियल पाम सम्राटानं पसरवला असं सगळे लिहितात, पण ही गोष्ट धरली तर तो खरा पसरवला तो या लोकांनी, ज्यांचं एकाचंही नाव कुठे नाही. मनाई केल्यामुळे बीला किंमत आली आणि किंमत आल्यामुळे ते बाहेर पडलं. बी जाळलं नसतं आणि फुकट वाटलं असतं तर ते एवढ्या हौसेनं कुणी विकत घेतलं असतं का, मला शंका आहे.

तरी एक तोस्तांव ही काही फार मोठी रक्कम नव्हती, आणि पामच्या एका घोसात हजारो फळं लागतात. म्हणजे झाड होतं राजाचं आणि बी परवडत होतं सगळ्या सुखवस्तू लोकांना. माझ्या मते या प्रकरणाची कळ इथेच आहे. नुसतं दुर्मिळ झाड दुर्मिळच राहतं आणि नुसतं स्वस्त झाड कुणी गेटवर लावत नाही. मोठ्या घरचं आणि तरी हाताशी येणारं, हे दोन्ही एकत्र आलं की मग झाडाला कुणी थांबवू शकत नाही. पुढे असंही सांगितलं जातं की सम्राटाकडून मर्जीतल्या लोकांना रोपं भेट मिळायची, म्हणजे चोरीचं बी आणि मानाचं रोप दोन्ही एकाच वेळी फिरत होतं, आणि दारातल्या झाडाकडे बघून ते कुठल्या वाटेनं आलंय हे पाहुण्याला कळायचा काही मार्ग नव्हता.

विकत घेणारे कोण होते? कॉफीवाले. रिओच्या मागे डोंगरांच्या पलीकडे पाराइबा नदीचं खोरं आहे, वासोरास, व्हालेन्सा, बनानाल ही त्यातली गावं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातली निम्म्याच्या आसपास कॉफी ब्राझीलमधून जायला लागली आणि तिचा मोठा भाग या खोऱ्यातला. सगळं गुलामांच्या श्रमावर. काल-परवापर्यंत खेचरांवर माल वाहणारी किंवा छोटी जमीन असलेली माणसं एका पिढीत प्रचंड श्रीमंत झाली, आणि सम्राट दुसऱ्या पेद्रोनं (दों जुआँवच्या नातवानं) त्यांना बॅरन, व्हायकाउंट अशा पदव्या दिल्या. पण ब्राझीलच्या साम्राज्यात पदवी वंशपरंपरेनं चालत नव्हती. बाप बॅरन म्हणून मुलगा बॅरन असं नाही, माणूस गेला की पदवी संपली. आता अशा माणसाच्या जागी उभं राहून विचार करा, पैसा भरपूर आहे, जुनं घराणं नाही, मिळालेला मान आपल्याबरोबर जाणार. त्याला काहीतरी असं हवं होतं जे लांबून दिसेल, दरबाराशी नातं सांगेल आणि शंभर वर्षं टिकेल. वाड्याच्या फाटकापासून दारापर्यंत दोन रांगा इम्पीरियल पाम, यात तिन्ही गोष्टी बसत होत्या.

या सगळ्यांच्या डोळ्यासमोर नमुना पण तयार होता. ज्या ब्रांदाओनं बिया जाळायला सांगितलं असं म्हणतात त्यानंच १८४२ च्या सुमारास बागेच्या मधोमध या पामची सरळ रांग लावली, सुमारे ७४० मीटरची, आज तिला बागेचे पुढचे एक संचालक बार्बोझा रोद्रिगेस यांचं नाव आहे. १८१६ मध्ये फ्रान्सहून कलाकारांचं पथक आलं होतं, त्यातल्या ग्रांजाँ द मोंतिन्यीनं रिओत ग्रीक-रोमन धाटणीच्या खांबांच्या इमारती उभ्या केल्या होत्या. दगडी खांब आणि हा पाम, दोघांची भाषा एकच: सरळ, राखाडी, गुळगुळीत, ठरावीक अंतरावर. मोंतिन्यीच्या कला अकादमीचं प्रवेशद्वार पुढे ती इमारत पाडल्यावर बागेत आणून त्या रांगेच्या टोकालाच उभं केलंय, आणि ते तिथलंच असावं असं वाटतं. मग फोटोग्राफी आली, मार्क फेरेझसारख्यांनी त्या रांगेचे फोटो काढले, पोस्टकार्डं निघाली, आणि ज्यानं रिओ कधी बघितलं नाही त्यालाही रिओ म्हटलं की हीच रांग दिसायला लागली. शहरातल्या मांगे कालव्याच्या काठानं पामच्या रांगा लागल्या, इतामाराती राजवाड्याच्या तळ्याला दोन्ही बाजूंनी लागल्या.

आता झाडाचे स्वतःचे गुण, कारण ते नसते तर नुसत्या मानावर हे चाललं नसतं. पान वाळलं की आपोआप देठासकट गळतं, छाटायला माणूस चढवावा लागत नाही, खोड कायम स्वच्छ. (फक्त पान चार मीटरचं आणि वजनदार, खाली गाडी असेल तर काच गेली.) पाम हे एकदल झाड, खोड एकदा जाड झालं की वडासारखं पुढे रुंद होत जात नाही, त्यामुळे रांगेतलं प्रत्येक झाड मापात राहतं. मुळं तंतूसारखी आणि दाट, मोठं झालेलं झाड सुद्धा मातीच्या गोळ्यासकट हलवता येतं आणि ते जगतं. फरशी फारशी उखडत नाही. आणि वाढीचा वेग बरा, म्हणजे लावणाऱ्याला आपल्या हयातीत रांग झालेली दिसते. चिंच किंवा आंबा लावणारा नातवासाठी लावतो, ज्याला पदवी याच जन्मापुरती आहे त्याला तेवढं थांबायचं नव्हतं.

आणि मग एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागते. ब्राझील हा जगातल्या पामच्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक आहे, दोनशेच्या वर जाती तिथल्या स्वतःच्या. बुरिती, बाबासू, मेण देणारा कार्नाउबा. पाराइबाच्या खोऱ्यात कॉफीसाठी जे जंगल तोडलं त्या अटलांटिक जंगलात जुसारा नावाचा सडपातळ, अतिशय देखणा पाम होता, पक्षी त्याच्या फळांवर जगतात. जंगल गेलं, जे उरलं त्यातला जुसारा कोंबासाठी कापला गेला आणि अजून चोरून कापला जातो, आज तो धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे. त्याच डोंगरावर, त्याच माणसांनी, घरचा पाम तोडून बाहेरचा पाम दारात लावला. यात कुणाला विसंगती वाटली नसणार, कारण जुसारा त्यांच्या दृष्टीनं रान होतं आणि इम्पीरियल पाम म्हणजे दरबार.

पुढचं थोडक्यात. डोंगरउतारावर वर-खाली सरळ ओळीत कॉफी लावल्यामुळे माती वाहून गेली, जमीन संपली, कॉफी साओ पावलोच्या पश्चिमेकडे सरकली. १३ मे १८८८ ला गुलामगिरी रद्द झाली, १५ नोव्हेंबर १८८९ ला सम्राटाला काढून प्रजासत्ताक आलं. खोऱ्यातले वाडे ओस पडले, कॉफीच्या जागी गुरं चरायला लागली, पण पाम उभेच राहिले. आजही त्या बोडक्या टेकड्यांमध्ये पामची जोडरांग दिसली की तिच्या शेवटी वाडा असणार किंवा कधीतरी होता हे समजतं. खरा धक्का पुढे आहे. प्रजासत्ताकानं स्वतःची नवी शहरं आखली, बेलो ओरिझोंते हे त्यातलं मोठं उदाहरण, १८९७ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथे सरकारी वाड्यासमोरच्या लिबर्टी चौकात, म्हणजे स्वातंत्र्याच्या चौकात, पामच्या रांगा आहेत त्या याच इम्पीरियल पामच्या. तोपर्यंत झाडाचा सम्राटाशी संबंध कुणाच्या मनात राहिलाच नव्हता. सरकारी, मोठं, महत्त्वाचं काहीतरी इथे आहे एवढंच ते झाड सांगत होतं, आणि ते कुठल्याही सरकारला चालतं.

आई-पाम १९७२ मध्ये वीज पडून मेला, तेव्हा तो जवळजवळ ३९ मीटर उंच होता. त्याच्या जागी त्याच्याच वंशातलं झाड लावलंय. आणि ज्या झाडाचं बी बाहेर जाऊ नये म्हणून जाळलं म्हणतात ते आता रिओच्या पश्चिमेला इल्या ग्रांदे बेटावर ओलसर जागी जंगलात आपोआप उगवतंय, संशोधक त्याच्याकडे आक्रमक परकी झाड म्हणून बघतात.

लोकांची नजर बदलू शकते का, याचंही उत्तर ब्राझीलमध्येच आहे. रॉबर्तो बर्ले मार्क्स हा लँडस्केप डिझायनर तरुणपणी बर्लिनला गेला आणि तिथल्या बोटॅनिकल गार्डनच्या काचघरात त्यानं ब्राझीलची झाडं पहिल्यांदा मानानं मांडलेली बघितली. परत येऊन त्यानं आयुष्यभर देशी झाडं सरकारी इमारतींच्या, मोठ्या रस्त्यांच्या, श्रीमंतांच्या बागेत आणली, म्हणजे बॅरन लोकांनी जे केलं तेच, फक्त झाड बदलून. तो काही फक्त देशीवर अडून बसला नाही हेही सांगायला हवं, फ्लामेंगो पार्कमध्ये त्यानं जगभरचे पाम लावले, त्यात आपल्या केरळ-श्रीलंकेकडचा तालीपट पाम पण आहे, ज्याचं बी आपल्याकडे बजरबट्टू म्हणून लहान मुलांच्या गळ्यात बांधायचे. साठच्या दशकात लावलेली ती झाडं आयुष्यात एकदाच येणारा फुलोरा घेऊन आता आता फुलली.

हे सगळं वाचल्यावर आपल्याकडचा बॉटल पाम बघा, यंत्र तेच आहे. फार्महाऊस, रिसॉर्ट, एनए प्लॉटिंगचं ब्रोशर, इंजिनिअरिंग कॉलेज, सगळीकडे गेटपासून दोन रांगा. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात, पुणे-सोलापूर रोडला उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांत एका मापाची पाहिजे तेवढी मिळतात, आणि काँट्रॅक्टरला उद्घाटनाच्या तारखेला एकसारखी झाडं उभी करायची असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण हे झाड पाणी पिणारं आहे, मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षी त्याचं खोड त्या उंचीला बारीक होतं आणि ती कंबर आयुष्यभर दिसत राहते, चुनखडीच्या जमिनीत मँगनीज मिळत नाही म्हणून नवी पानं आखूड, चुरगळलेली येतात.

आपले पाम कुठे आहेत मग? ताड, शिंदी, भेर्ली माड. ते मागे का पडले याची कारणं नर्सरीतच सापडतात. ताडाचं बी रुजताना कोंब खोल जमिनीत घालतं, पिशवीत ते जमत नाही आणि हलवलं की मरतं, वर वाढ फार सावकाश. शिंदीला काटे. भेर्ली माड एकदा फुलायला लागला की वरून खाली फुलत जातो आणि काही वर्षांत संपतो, शिवाय त्याच्या फळाच्या गरानं हाताला भयंकर खाज सुटते. आणि ताड-शिंदी म्हटलं की ताडीचं दुकान डोळ्यासमोर येतं, कॉलेजच्या ट्रस्टींना गेटवर ते नको असतं. पहिल्या तीन अडचणी खऱ्या आहेत, चौथी नजरेची आहे आणि नजर बदलते, वर सांगितलंच.

माझ्या मते सुरुवात भेर्ली माडापासून करावी, निदान कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर जिथे पाऊस आहे. कोकणात लग्नाच्या मांडवाला त्याची पानं लावतात, त्यामुळे तो मानाचा आहेच, फक्त गेटवर नाही. वाढतो भराभर, माशाच्या शेपटीसारखी पानं कोकण-सह्याद्रीतल्या दुसऱ्या कुठल्या देशी पामला नाहीत. तो आयुष्य संपवणारा आहे म्हणून रांग एका वेळी लावू नये, तीन-चार वर्षांच्या अंतरानं टप्प्यात लावावी म्हणजे सगळी एकदम जाणार नाहीत. फळं पिकून पडली की हातमोजे घालून गर काढायचा, बी सुकू न देता लगेच ओल्या रेतीत घालायचं, रुजायला काही महिने लागतात तेवढी वाट बघायची आणि मग लांब पिशवीत हलवायचं. एखाद्या कृषी महाविद्यालयानं आपल्याच मेन गेटवर हे केलं आणि जास्तीची रोपं विकायला ठेवली तर आसपासच्या बंगलेवाल्यांना नेमकं काय मागायचं ते तिथेच दिसेल.